पित्ताची गोळी

माई, तू खोटं बोलत नव्हतीस. एवढं एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि तेही तू नसताना, शाळेच्या उरलेल्या उत्तरपुस्तिकेच्या कोऱ्या पानांवर. समोर सातवीच्या हिंदीच्या पेपरांचा गठ्ठा पडलाय, उद्या तपासून द्यायचाय, आणि मी तुला पत्र लिहून राहिलेय. बघ, पहिल्याच दमात चूक. ‘लिहून राहिलेय’ काय, ‘लिहितेय’ म्हण, असं तू ओट्याशी उभी राहून, मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली असतीस. तुझं मराठी धारच्या जुन्या घरांमधलं, कडक इस्त्रीचं. माझी शाळा हिंदी, नोकरी हिंदी शिकवण्याची, आणि देवासला आल्यापासून भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांशी बोलणं हिंदीत नाहीतर माळवीत. घरात मराठी उरलंय ते असं खिचडी झालेलं. चुका दिसतील त्या पोटात घाल.

आपल्या घरात आता तुझी आठवण कशावरून निघते ते तुला कळायला हवं. तुझ्या हातच्या चिरोट्यांवरून निघते, तुझ्या भरतकामावरून निघते, पण सगळ्यांत जास्त निघते ती हट्टावरून. दादाची मुलगी चश्मा दप्तरातच ठेवते, घालत नाही, की दादा म्हणतो, आजीवर गेलीस. वहिनीने थायरॉइडची गोळी चुकवली की म्हणतो, हो, तूही माईसारखं कर. कुणी नवं माणूस विचारतं, तुमच्या आईंना काय झालं होतं हो, तर दादा सरळ सांगतो की साखर होती, इन्सुलिन दिलं होतं, घ्यायचीच नाही, घेतलं म्हणून आम्हाला खोटं सांगायची, स्वतःच्या हट्टापायी गेली. हे सांगताना त्याचा आवाज अजून चढतो. त्याने तुला माफ केलेलं नाही, माई. आणि तो हे बोलत असतो तेव्हा मी माझ्या ताटातल्या भातात बोटं फिरवत बसते.

सुरुवात किती नीट झाली होती. गोळ्यांनी साखर आवरेना, तेव्हा धारच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. दादाची पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, वहिनीला रक्त बघून चक्कर येते, म्हणून मी चार दिवस सुट्टी काढून आले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मोसंबीवर सुई टोचायला शिकवलं. मला दोनदा जमलं नाही, तुला पहिल्या खेपेलाच जमलं. भरतकाम केलेला हात आहे, म्हणालीस, आणि नर्सबाईंकडे असं बघितलंस जशी काही परीक्षेत पहिली आलीस. फ्रिजच्या दारात, जिथे तू लिंबं ठेवायचीस, तिथे स्टीलच्या पेल्यात ती बाटली उभी राहिली. सकाळी देवपूजा, मग सुई, मग पोळी. बेंबीपासून चार बोटं सोडून, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे, आणि विसरायला नको म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलीने ‘उ’ आणि ‘डा’ लिहायचीस. सुईला घाबरणारी बाई कॅलेंडरवर उजवं-डावं लिहून ठेवते का? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तुझा फोन आला. शाळेत मधली सुट्टी चालली होती, स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची कचोरी वाटली जात होती, आणि मी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने कागदाची बशी धरली होती. तू म्हणालीस, “सुई घेतली की पित्त उठतं गं मला.” माझ्या कानात शिरलं ते फक्त पित्त. आपल्या घरी पित्त म्हणजे बाबांचं पित्त. ते एकादशीला दुपारपर्यंत डोकं धरून बसायचे, आंबट पाणी पडायचं, मग तू आल्याचा रस द्यायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस की ह्यांना पित्त झालंय. माझ्या लेखी पित्त म्हणजे एवढंच, ॲसिडिटी. अंगावर लाल चट्टे उठून खाज सुटते त्यालाही मराठीत पित्तच म्हणतात, बाबांना ‘व्हायचं’ ते वेगळं आणि तुला ‘उठत’ होतं ते वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, रिकाम्या पोटी घेत असशील, थंड दूध पी. तू म्हणालीस, दुधाने बसतं होय? मी म्हटलं, बसतं. लेक शिकलेली, लेक सांगतेय, म्हणून तू महिनाभर थंड दूध प्यायलीस.

मग आपण दोघी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांसमोर तू कधी बोलायचीच नाहीस. हिंदी तुला येत नव्हती असं थोडंच, बाजारात तू भल्याभल्यांना गप्प करायचीस, पण पुरुष डॉक्टर समोर आला की पदर सावरून बसायचीस आणि माझ्या कानाशी मराठीत सांगायचीस. मी तुझी वकील. त्या दिवशीही तू कुजबुजलीस, पित्ताचं सांग. आणि मी, हिंदीची अध्यापिका, ताठ बसून स्वच्छ हिंदीत सांगितलं, “इनको इंजेक्शन के बाद एसिडिटी हो जाती है।” डॉक्टरांनी तुझ्याकडे बघून विचारलं, एसिडिटी होती है, माताजी? तू मान हलवलीस. हलवणारच. पित्ताला इंग्रजीत ॲसिडिटी म्हणतात एवढंच तुला माहीत होतं, कोणतं पित्त हे इंग्रजीला विचारायचं कुणी? आपण दोघींनी मिळून त्या माणसाला अगदी एकमताने चुकीचं सांगितलं. त्याने सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल लिहून दिली. पोटावर काही दिसतंय का, हे विचारायचं त्याला कारणच नव्हतं.

ती गोळी तू नेमाने घेतलीस. पित्ताची गोळी, पित्ताची गोळी म्हणून वहिनीकडून आठवणीने मागून घ्यायचीस. फोनवर मी विचारायचे, बरं आहे का, तर म्हणायचीस, गोळीने काही बसत नाही बाई, पुण्याहून वन्सं आमसुलं पाठवणार आहेत. आमसुलं आली. मग एकदा म्हणालीस, आमसुलाचं पाणी लावलं की घटकाभर बरं वाटतं. लावलं. तू ‘लावलं’ म्हणालीस, माई, ‘प्यायले’ म्हणाली नव्हतीस. मला तो शब्द आज इतका लख्ख ऐकू येतो की त्या दिवशी तो कुठून निसटला हे कळत नाही. खरं तर कळतं. मी फोन कानाला लावून पेपर तपासत होते आणि मधूनमधून हं हं करत होते. पोरांच्या वहीत ह्रस्वाचं दीर्घ झालं की अर्धा गुण कापणारी मी.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर आधीपेक्षा वाढलेली. डॉक्टर चक्रावले, इन्सुलिन वाढवून दिलं. मग एका रविवारी मी धारला आले असताना वहिनीने मला हळूच स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की माई सुई भरतात आणि मोरीत सोडून देतात, मी डोळ्यांनी बघितलंय. माझं डोकंच फिरलं. तू देवघरापुढे वाती वळत बसली होतीस. दादा घरी होता, शेजारच्या काकू पापडाचा डबा परत करायला आल्या होत्या, वहिनी दारात उभी. त्या सगळ्यांसमोर मी तुला बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, तुला पाठ असेल. शाळेतल्या पोरींसारखं खोटं बोलतेस म्हटलं. माझ्या सुट्ट्या फुकट घालवल्यास म्हटलं. तू वात अर्धी वळलेली तशीच हातात धरून म्हणालीस, “मला सुईची भीती नाही गं. घेतल्यावर जे होतं ते सोसवत नाही.” आणि मी म्हटलं, “ॲसिडिटीने कुणी मरत नाही, माई.” काकू डबा ठेवून निघून गेल्या. दादा म्हणाला, हट्टी आहे, पहिल्यापासून हट्टी आहे. वाती त्या दिवशी पुऱ्या झाल्या नाहीत.

त्यानंतर मी हुकूम काढला की रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल करायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर सुई घ्यायची. वहिनी तोंड फिरवून फोन धरायची, तू पदर बोटभर बाजूला करायचीस, आणि मी देवासहून, एका हाताने डबा भरत, बघायचे की सुई आत गेली. मग म्हणायचे, शाबास. आईला शाबास म्हणायचे मी. तीन आठवडे तू एक दिवस चुकवला नाहीस. मग तू पुन्हा सुई सोडलीस, आणि या खेपेला कायमची. ते कधी आणि कशाने, हे मला माहीत आहे, पण ते आत्ताच लिहवत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चपलेने पायाच्या अंगठ्याला घासलं, ते चिघळलं, काळं पडलं, तू मोजा घालून लपवलंस, कळलं तेव्हा ताप मेंदूत जायची वेळ आली होती. इंदूरला नेलं. पाय काढायचा की नाही यावर डॉक्टर बोलत होते तोवर तू गेलीस. दवाखान्याच्या जिन्यात दादा भिंतीवर हात आपटून म्हणाला, घेतलं असतं इन्सुलिन तर काय झालं असतं तिला? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही तेव्हा तेच वाटत होतं, हे शपथ घेऊन सांगण्याची माझी हिंमत नाही, पण बरंचसं तेच वाटत होतं.

आता तुझ्या जावयांचं सांगते. त्यांना दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. त्यांचे वडील साताऱ्याहून देवासला कारखान्यात आले तेव्हापासूनची सगळी माणसं साखरवाली, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नाही. अडीच-तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी ते बनियन वर करून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, अगं, हे बघ काय झालंय. सुईच्या जागी रुपयाएवढी लाल गांध, वर आलेली, गरम, आणि आजूबाजूला आणखी दोन-तीन. कालची जागाही अजून कडक होती. खाजवून खाजवून नखांचे ओरखडे. मी गॅस बंद केला, मुख्याध्यापिकेला फोन करून सुट्टी सांगितली आणि त्यांना घेऊन तासाभरात दवाखान्यात. माई, तासाभरात. नवऱ्याला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी पोट बघितलं, मग दंड, मांड्या बघितल्या, ओठ-जीभ सुजते का, श्वास अडकतो का, सुईनंतर किती वेळाने उठतं, सगळं विचारलं. आणि मग लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, “मतलब इंजेक्शन के बाद पित्ती उछलती है।” पित्ती. मी खुर्चीचा हात धरला. हा शब्द मला लहानपणापासून येतो. पित्ती उछलना, मुहावरा नाही, साधी बोली, पोरांच्या सुट्टीच्या अर्जात येते, ‘शरीर पर पित्ती निकल आई है’. तू सांगत होतीस ते पित्त म्हणजे हीच पित्ती. तुझ्या शब्दाला मी एक दीर्घ ई लावली असती तरी डॉक्टरांनी तुझं पोट बघितलं असतं. तुझे जावई विचारत होते, काय झालं, चक्कर येतेय का, आणि मी म्हणत होते, ॲसिडिटी आहे थोडी. खरंच असंच म्हणाले. जिभेला तेवढंच ठाऊक.

त्यांच्यावर काय काय उपाय झाले ते तुला सांगायचंय, कारण ते सगळे तुझ्यावर व्हायला हवे होते. पहिल्यांदा बाईंनी त्यांना समोर सुई घ्यायला लावली, हात चुकतोय का बघायला. स्पिरिट वाळू द्या, फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचू नका, सुई दर वेळी नवी, वरवर कातडीत नको, नीट आत. मग ॲलर्जीची गोळी दिली. तरी उठतच राहिलं, तेव्हा म्हणाल्या की कधी इन्सुलिनचीच ॲलर्जी असते आणि कधी त्यात मिसळलेल्या दुसऱ्या कशाची, म्हणून आधी प्रकार बदलून बघू. बदललं, थोडं कमी झालं, गेलं नाही. मग इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे हाताच्या कातडीवर वेगवेगळ्या इन्सुलिनचे थेंब टोचून बघितले, कशाने कमी उठतं ते शोधलं, आणि मग दोन दिवस भरती करून घेतलं. पाणी घालून इतकं पातळ केलेलं इन्सुलिन, की त्यात काही आहे की नाही असं वाटावं, ते आधी टोचलं. थोड्या वेळाने जरा जास्त. मग आणखी जरा. उशाशी ट्रेमध्ये तातडीचं इंजेक्शन तयार, नर्स नाडी धरून बसलेली. शरीराची आणि औषधाची हळूहळू ओळख करून द्यायची, असं त्या डॉक्टरांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी ते पुऱ्या मात्रेवर आले आणि पोटावर काही उठलं नाही. आता रोज घेतात, वर मला म्हणतात, डाससुद्धा याहून जास्त चावतो.

घरी सोडताना इंदूरच्या त्या डॉक्टरांनी एक गोष्ट बोट वर करून सांगितली. “बंद मत करना। बीच-बीच में छोड़ना और फिर शुरू करना, उससे एलर्जी और भड़कती है।” सोडायचं आणि परत सुरू करायचं. माई, तुझ्याकडून हेच करवून घेतलं मी. सोसवेना म्हणून तू सोडायचीस आणि मी रागावून परत सुरू करायला लावायचे, वाढलेल्या मात्रेने, आणि ते दर खेपेला आधीपेक्षा जास्त उठत असणार. 

हे कळल्यावर दोन वर्षं मी दादाला काही बोलले नाही. कितीदा धारला जाऊन आले. इंदूरला बस बदलताना ठरवायचे, या वेळी सांगायचं, आणि घरी पोचून पाय धुतले की वहिनी चहा ठेवायची आणि विषय भलतीकडेच जायचा. आणि दर वेळी काहीतरी निमित्ताने दादा म्हणायचाच, माईसारखं करू नका. परवा तुझं श्राद्ध होतं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, वहिनीने सगळं तुझ्या पद्धतीने केलं होतं. गुरुजी जेवून गेले, आम्ही घरची माणसं पानावर बसलो, आणि दादाच्या मुलीने खीर नको म्हटली. एवढंच निमित्त. दादा म्हणाला, घे, हाही हट्ट आजीचाच, ती हट्टाने गेली, तूही शीक. पोरगी सोळा वर्षांची आहे, तू गेलीस तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती, तू तिला नीटशी आठवतही नाहीस, आणि तिच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल जी अढी दिसली ना, ती मला बघवली नाही.

मी तिथेच सांगितलं. पित्त आणि पित्ती, ॲसिडिटी, तू हलवलेली मान, आमसुलाचं पाणी, जावयांचे चट्टे, इंदूरचं सगळं. सगळ्यांच्या पानांवर जेवण गार झालं. दादा उष्ट्या हाताने तसाच बसून राहिला. मग उठला, हात धुतले, तुझ्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाने, रिटायर व्हायला आलेल्या, कान धरले. नऊ वर्षं मी तिला हट्टी म्हणत होतो, म्हणाला. पोरीला जवळ बोलावून म्हणाला, आजी हट्टी नव्हती, आजीला खूप त्रास होत होता आणि आम्हाला कळलं नाही. वहिनी रडत होती, मोरीचं आपणच सांगितलं म्हणून. संध्याकाळी मला बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा दादाने माझी पिशवी माझ्या हातात देत म्हटलं, “तू मनाला लावून घेऊ नकोस. एका शब्दाचा घोळ झाला. यात कोणाचाच दोष नव्हता.” आणि मी म्हटलं, “हो.”

आता ते लिहिते, जे मघाशी लिहवलं नाही. व्हिडिओ कॉलच्या त्या तीन आठवड्यांच्या शेवटी अमावस्या आली होती. तू म्हणालीस, मला धरमपुरीला नर्मदेवर ने, बऱ्याच दिवसांत डुबकी मारली नाही. मी शनिवारी आले आणि रविवारी सकाळी आपण दोघीच बसने गेलो. घाटावर गर्दी होती, पलीकडे जाणाऱ्या नावा भरत होत्या, नावाडी ओरडून माणसं बोलावत होता. तू तीन डुबक्या घेतल्यास, कुडकुडत पायऱ्या चढून आलीस, आणि मी नेहमीसारखं कोरडं लुगडं दोन्ही हातांनी ताणून तुला आडोसा धरला. आडोसा धरणारीने तोंड फिरवायचं असतं. पण तू मला हाक मारलीस, हळूच, आणि मी वळून बघितलं. तू ओलं पातळ पोटावरून खाली सारून उभी होतीस. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लाल गांधीच गांधी, एकीवर एक, जुन्या काळपट पडलेल्या, नव्या सुजलेल्या, काही खाजवून फुटलेल्या. कंबरेपर्यंत आणि वर छातीखालपर्यंत गेलेल्या. एकवीस दिवस तू माझं ऐकलं होतंस, त्याचं ते सगळं. तू तोंडाने काही बोलली नाहीस, फक्त माझ्याकडे बघत राहिलीस. तिथे शब्दाचा घोळ काही नव्हता, माई. पित्त म्हणा, पित्ती म्हणा, आंधळ्यालाही कळलं असतं की हे सुईने झालंय आणि तू खोटं बोलली नव्हतीस.

आणि मी नावेकडे बघितलं. आटप, गार वारा आहे, म्हटलं. कारण ते बघितलं असं मानलं असतं तर काकूंसमोर, दादासमोर, वहिनीसमोर जे बोलले होते ते परत घ्यावं लागलं असतं, आणि सोमवारपासून शाळेत परीक्षा होत्या, तुला घेऊन इंदूरला जायला मला सुट्टी काढायची नव्हती. एवढंच कारण. दुसरं मोठं काही शोधून सापडत नाही. तू लुगडं नेसलीस, निऱ्या नेहमीसारख्या नीट काढल्यास, आणि येताना बसमध्ये खिडकीशी मला बसवलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला नाही. मीही केला नाही. पुन्हा कधीच केला नाही, आणि तू सुई सोडलीस हे मला त्याच सकाळी कळलं होतं.

दादाला मी शब्दाचं सांगितलं, घाटाचं नाही. उद्या फोन करून सांगते, असं आत्ता इथे लिहिणार होते, पेन टेकवलंही होतं. पण हे पत्र कुठे पोचायचं नाही, त्यात तरी तुझ्याशी खोटं कशाला? मी सांगणार नाही, माई. नऊ वर्षांचा राग त्याने परवा तुझ्यावरून उतरवला, तो माझ्याकडे वळलेला मला सोसवणार नाही.